डेपो फरीदाबाद

नोएडा, सेक्टर ६२
शनिवार, १६ फेब्रुवारी २००८

प्रिय तात्यासाहेब,

मायन्यालाच अडले. स्वतःच्या वडिलांना तीर्थरूप लिहितात, बाहेरच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. तुमच्यासाठी यातलं कुठलं ते ठरवता येईना, म्हणून आपलं प्रिय. मी सुनयना, तुमच्या विश्वजितच्या ऑफिसातली. त्याच्या तेराव्याला तुमच्या घरी आले होते, निळा स्वेटर घालून दाराजवळ बसले होते. तुम्ही पाणी विचारलंत आणि मी नको म्हटलं. एवढीच आपली ओळख. फोनच करणार होते, पण मी नुसती रडत बसेन आणि तुम्हालाच माझी समजूत घालावी लागेल. तसं व्हायला नको होतं.

आज सुट्टी असून ऑफिसला गेले होते. आमचं काम काय ते विश्वजितने सांगितलं असेलच, तो कुणालाही धरून सांगायचा. आमची औषधांची कंपनी, देशभर डेपो. कुठल्या डेपोत काय उरलं, काय संपलं, ही माहिती रोज रात्री एका जागी गोळा होते. त्याला डेटा वेअरहाऊस म्हणतात आणि ते भरायचं काम एक सॉफ्टवेअर आपोआप करतं. तरी रात्रभर एक माणूस बसवावाच लागतो, कारण आपोआप चालणारं कधी अडेल याचा नेम नाही. सकाळी भरणं संपलं की डेपोवाल्यांच्या मोबाइलवर मेसेज जातो. ही सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच. विश्वजितने जुना मोडेम आणि एक सिम कार्ड जोडून जुगाड केला होता, आणि तो इतकी वर्षं बिल्कुल न कुरकुरता चालला.

आता कंपनीने त्यासाठी मूळ सॉफ्टवेअरला जोडायचं रीतसर अ‍ॅड-ऑन विकत घेतलंय आणि ते बसवायचं माझ्या गळ्यात पडलं. बसवणं अर्ध्या तासाचं असतं. चालू सॉफ्टवेअर थांबवायचं, सीडी घालायची, लायसन्सचा नंबर टाकायचा आणि विचारेल त्याला हो म्हणत राहायचं. खरा वेळ पुढच्या जुळवाजुळवीत जातो. जुनी यादी नव्यात आणली. त्रेसष्ट नंबरांपैकी बासष्ट आले आणि एक लाल होऊन अडला. 'डेपो फरीदाबाद'. नव्याला प्रत्येक नावापुढे कर्मचारी क्रमांक लागतो आणि याला तो नव्हता. असणार कुठून, फरीदाबादला आमचा डेपोच नाही.

तो डेपो म्हणजे तुम्ही. काकू गेल्यापासून तुम्ही पहाटे उठून गॅलरीत त्याची वाट बघत उभे राहता, हे त्याला बघवत नव्हतं. म्हणून त्याने तुमचा नंबर गुपचूप यादीत घातला. बाकीच्यांना इंग्रजीत कोरडा मेसेज, तुम्हाला तेवढा 'काम झालं. निघतो.' रात्रपाळी असली की तुमच्या नंबरापुढची खूण चालू करायचा, पुढच्या दिवशी बंद करायचा. मी चिडवायचे, की स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहायला काय होतं तुला. तर म्हणे, त्या वेळी मी टेबलाखाली बूट शोधत असतो यार. ते खरंच होतं. बूट काढून बसायचा आणि मोज्यांच्या वासाने आमचा जीव घ्यायचा.

त्या डिसेंबरात त्याने शेवटची खूण चालू केली. सकाळी सहा दहाला मेसेज गेला, तो निघाला, आणि कालिंदी कुंजच्या पुढे धुक्यात जे झालं ते तुम्हाला मी काय सांगू. खूण बंद करायला तो परत आलाच नाही. मी करायला हवी होती. एका बोटाचं काम. पण रोज सकाळी पडद्यावर 'डेपो फरीदाबाद, पाठवला' अशी ओळ यायची आणि वाटायचं, त्याचं काहीतरी अजून चालू आहे. तुम्हाला काय होत असेल हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. तुम्ही न वाचताच पुसून टाकत असाल, अशी माझी मी समजूत घातली.

आज तो नंबर अडला म्हणून मोडेमवर आलेल्या उत्तरांची फाईल पहिल्यांदा उघडली. सगळी तुमची. 'ये. चहा ठेवतो.' त्या दिवशीचंही आहे, सहा बाराचं. मग तेरा दिवस काही नाही. चौदाव्या दिवसापासून पुन्हा रोज 'ये. चहा ठेवतो.' जूनमध्ये आमचा सर्व्हर बिघडला आणि मेसेज अकराला गेला. त्या दिवशी तुम्ही लिहिलंय, 'उशीर झाला. सावकाश ये.' तात्यासाहेब, चौदा महिने तुमच्या दारात रोज त्याला मी पाठवत होते आणि रोज तो येत नव्हता. मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही.

माझा कर्मचारी क्रमांक टाकला असता तर नंबर हिरवा झाला असता आणि मेसेज चालू राहिला असता. टाकलाही होता. मग खोडला.

आता जे सांगायला बसले ते सांगते. सोमवारी, पंचवीस तारखेला, नवं सुरू होईल आणि जुना मोडेम निघेल. त्या सकाळी मेसेज येणार नाही. तुम्ही गॅलरीत थांबून राहाल, म्हणून आधी कळवते आहे. आणि दुसरी गोष्ट. विश्वजितची ती शेवटची रात्रपाळी खरं तर माझी होती. माझे आईबाबा पुण्याहून आले होते, रविवारी आम्ही सगळे तुमच्याकडे येणार होतो. विश्वजित तुम्हाला आदल्या दिवशी, त्याच शनिवारी सकाळी, चहा घेता घेता सांगणार होता. आईबाबांना आग्रा दाखवून आण म्हणत त्याने माझी पाळी स्वतःवर घेतली, आणि मी हसत घेऊ दिली. तेराव्याला घातलेला निळा स्वेटर त्याचाच होता. तुम्ही ओळखलात की नाही, मला कळलं नाही. हे सगळं वाचून माझं तोंड बघू नये असं वाटलं तर तेही बरोबरच आहे, मी पुन्हा त्रास देणार नाही. पण तसं वाटलं नाही, तर माझा नंबर पाकिटावर लिहिलाय. सोमवारी सकाळी तुम्ही नुसतं 'ये' एवढंच लिहा. चहा मी येऊन ठेवेन.

तुमचीच,
सुनयना