जाळी डोक्याकडून

आदरणीय मेहुणे श्री. वेंडेल यांना तळ्याच्या या काठावरून आम्ब्रुशचा नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? खोकला? भूक वेळेवर लागते ना? (हे सगळं रीत म्हणून विचारतो आहे, पण उत्तर प्रत्येकाचं वेगवेगळं द्यावं.) माझं म्हणाल तर उजवा खांदा आणि दोन्ही तळपाय सोडून मी ठणठणीत आहे. तळपायांची हकिगत पुढे येईलच. इतकी वर्षं बोलणं बंद असताना हे पत्र कसं, असं आपल्याला वाटेल. तर बंद आहे ते बोलणं. लिहिणं बंद करायचं कधी ठरलं होतं? आपल्या दोघांच्या दारांमध्ये फक्त तळं आहे, मी जोरात शिंकलो तर आपल्याला ऐकू येतं, पण भांडण म्हटलं की त्याचा काही मान ठेवावा लागतो. पत्र तळ्याचा राखणदार बोदोग होडीतून आणून देईल. त्याला घोटभर पालिंका द्यावी, कुठल्याही फळाची दारू त्याला चालते. इथून निघताना त्याने घेतलेली आहेच, पण ती तो सांगणार नाही.

विषय असा की, मागदोल्नाचा नावदिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा सण, जवळ आला. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच. आपल्या धाकट्या बहिणीचा नियम आपल्याला सांगायला नको: त्या दिवशीच्या लाल रश्शाला कार्प मासा आपल्या तळ्यातलाच हवा. एका साली मी बाजारातला आणला, तर तिने मला पातेल्यासकट अंगणात काढलं होतं. आपलं भांडण झाल्यावरही ती दरवर्षी रश्शाची बरणी फडक्यात गुंडाळून तळ्याला वळसा घालून आपल्याकडे यायची आणि परत आल्यावर आपण काय म्हणालात ते मला मुळीच सांगायची नाही. मीही विचारायचो नाही. फक्त बरणी रिकामी आली आहे ना, ते बघायचो. शिवाय हिवाळ्याच्या आत मुलगी मला शहरात नेणार आहे. तिचं घर चौथ्या मजल्यावर, तिथे पाणी म्हणजे नळाचं. तेव्हा या अंगणात शिजणारा हा शेवटचा रस्सा, आणि त्याला कार्प मिळालाच पाहिजे, एवढीच माझी या उन्हाळ्याची इच्छा.

आता कार्प कुठे असतो हे आपल्याला माहीत आहे. तिसा नदीने टाकून दिलेलं हे वळण, उन्हाळा आला की शिंगाड्याच्या पानांनी असं झाकून जातं की बदकालाही उतरायला जागा विचारावी लागते. मोकळं पाणी एकच, पडलेल्या वाळुंजाच्या झाडाजवळचं ते पलंगाएवढं भोक. आपल्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आपल्या दोघांना तिथेच गळ टाकून बसायला शिकवलं. माशांना खेचायचा मका रात्री उकळायचा, पातेलं रजईत गुंडाळून सकाळपर्यंत फुगू द्यायचं आणि शेवटी त्यात आलुबुखाराच्या मुरंब्याचा एक मोठा चमचा. म्हातारा म्हणायचा, "गोड खाल्लेला पाहुणा परत येतो." मी पातेलं लग्नातल्या पिसांच्या रजईत गुंडाळायचो. मागदोल्ना ओरडायची, "मी माणसाशी लग्न केलं की मक्याशी? अंथरुणात दोघंही सारखेच फुगून पडलेले!" त्या रजईला अजून तो वास आहे. मी ती धुवायला दिलेली नाही, देणारही नाही.

तर संपूर्ण जून महिना मी रोज पहाटे त्या भोकात मका टाकला. कार्प आले. बुडबुडे काय, पानं हलणं काय, एकाची पाठ तर डुकराच्या पिल्लाएवढी वर आली. पण गळाला तोंड लावील तर शपथ! मी गांडूळ लावलं, कणकेची गोळी लावली, उकडलेला बटाटा लावला, शेवटी स्वतःच्या न्याहारीतली डुकराच्या चरबीची साल लावली. गळाचं बूच ढिम्म. बोदोगला विचारलं तर तो होडीतच लवून हसला. "काका, मासे आजारी नाहीत, तट्ट जेवलेत! पंगत उठल्यावर तुम्ही वाढायला निघालात. त्यात एक नाही, दोन वाढपी." म्हणजे त्याच भोकात दुसरं कोणीतरी मका टाकत होतं! कोण, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मी मासे राखतो, माणसं नाही."

तो दुसरा जो कोणी असेल, वेंडेल, तो माणूस नीच आहे. दुसऱ्याने उन्हातान्हात राखलेल्या भोकात चोरून दाणे टाकणारा, आयत्या बिळावरचा नागोबा! असल्या माणसाला ना नेम, ना धीर, ना हातजाळी धरायची अक्कल. (हे कुणाला उद्देशून नाही.) आणि जाळीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ज्याच्यावरून आपलं भांडण झालं, तो कार्प तू घालवलास. माझा मासा दमून काठाशी आलेला, आणि तू जाळी घातलीस शेपटाकडून! शेपटाला काही लागलं की मासा पुढे पळणार नाही तर काय थांबून आभार मानेल? तुझं म्हणणं, मी गळाचा तंगूस फार ताणला. ताणला असेन, पण तू जाळी शेपटाकडून घातलीस. (बघ, रागाच्या भरात 'तू' म्हणून गेलो. आता राहू दे, पुन्हा 'आपण'वर चढायला दम नाही.) त्या एका माशापायी आपण असे बसलो की मागदोल्नाला पोचवायला आलो तेव्हाही कबरीच्या दोन बाजूंना उभे राहून न बोलता घरी गेलो. ते मला अजून खुपतं.

असो. आज सकाळी चमत्कार झाला. बूच बुडालं ते बुडालंच, आणि काठी अशी वाकली की मला सासरे आठवले. कार्प सरळ शिंगाड्यात घुसला. मी मागोमाग पाण्यात उतरलो, तेही अनवाणी. तळाशी शिंगाड्याची काटेरी फळं काय वाट बघत असतात हे तुला सांगायला नको. एका हातात काठी, दुसऱ्या हातात जाळी, आणि खांदा जाळी उचलायला साफ नाही म्हणाला. मासा समोर, हातभर अंतरावर, तोंड उघडून बघतोय. तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते बोदोगने ऐकलंय आणि तो गावभर सांगेल, म्हणून मीच सांगतो. मी ओरडलो, "वेंडेल, जाळी!" (निव्वळ सवय. ठेच लागली की माणूस 'आई गं' म्हणतो, त्यात आईला बोलावणं नसतं.) पलीकडून काही उत्तर आलं नाही. माशाने एक गिरकी घेतली, तंगूस देठांना गुंडाळला आणि तो गेला. नंतर बोदोगने सुईने तळपायातले काटे काढले आणि प्रत्येक काट्याला "काठी वाको, काका, काठी वाको!" म्हणाला. गळकऱ्यांच्या शुभेच्छेची इतकी विटंबना मी आजवर पाहिली नव्हती.

तर एवढंच कळवायचं होतं, दुसरं काही नाही. तुझीही काठी वाको.

तुझा मेहुणा,
आम्ब्रुश

ता. क. वर ज्याला नीच म्हटलं, तो कोण हे मला बोदोग बोलला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. शिंगाड्याच्या पानांवर जांभळट दाणे पडलेले होते, तुझ्या काठाच्या बाजूने, भोकाच्या हातभर अलीकडे. मक्यात आलुबुखाराचा मुरंबा घालणारी माणसं जगात दोनच उरली, आणि त्यातल्या एकाचाच नेम जन्मभर हातभर अलीकडे पडतो. तूही तिच्या रश्शासाठीच बसला होतास हे मी ओळखलं. मी तुला हटकलं नाही, कारण पहाटे उठून आधी ते दाणे बघायची मला सवय लागली होती.

आणखी एक. गेले काही दिवस पानांवर दाणे नाहीत. म्हणूनच मासे भुकेले झाले आणि आज लागला, हे मला समजतं. पण तुझ्या अंगणातल्या चुलीचा धूरही दिसत नाही. बोदोगला विचारलं तर म्हणतो, "मी पत्र पोचवतो, खुशाली नाही. ती तुमची तुम्ही विचारा." म्हणून विचारली आहे. पत्राच्या सुरुवातीचे प्रश्न रीत म्हणून नव्हते.

शेवटचं. पत्र मिळताच चुलीत ओलं लाकूड घाल, म्हणजे धूर मला दिसेल. दिसला की मी मका उकळायला ठेवतो, रजई तयारच आहे. नाही दिसला, तर बोदोगच्या होडीतून मीच येतो, तळपाय असे असले तरी. नावदिवसापर्यंत एक तरी कार्प लागेलच. काठी मी धरीन, पण या खांद्याने जाळी उचलत नाही, ती तुलाच धरावी लागेल. डोक्याकडून.