ट्रायल घेतलेलं ई-सिम

४ मे, रविवार. बोईसर.

स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टी. वर्कशॉपचं सरकतं दार. घिवलीच्या वाडीतल्या मोटरचा ऑटोमॅटिक स्टार्टर (देवू, माझा धाकटा भाऊ, अजून लोकांना तो कंपनीचा आहे म्हणून सांगतो). चिकू आकाराप्रमाणे वेगळे करणारं यंत्र, आवाज जरा जास्त. नारळ सोलायचं पायडल. मासवणच्या शाळेची आपोआप वाजणारी घंटा. सुट्टीतही वाजते, पण वेळेवर वाजते. समिधाचा पाळणा. या घराचं संपूर्ण वायरिंग. यातलं काहीही शिकायला मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही.

हे लिहून काढायचं कारण समिधाचा फोन. मुलगी जर्मनीत कोलोनला असते. सुलू, म्हणजे माझी पत्नी, डिसेंबरपासून तिच्याकडेच आहे. आधी बाळंतपण, मग बाळाची सर्दी, मग समिधा कामावर जायला लागली म्हणून. मुक्काम दोनदा वाढवला. कसा वाढवतात ते जावयांना, अनुजना, ठाऊक.

समिधा म्हणाली होती, बाबा तिकीट मी पाठवते. मी म्हटलं, मुलीच्या पैशाने विमानात बसणारा माणूस मी नव्हे. स्वतःच्या पैशाने ग्रुप टूर घेतली. टूर कोलोनला थांबते. दीड तास. नीट नियोजन केलं तर दीड तास पुष्कळ होतो.

आज तिचं म्हणणं असं की, तिकडे नेटसाठी ई-सिम लागेल, ते मी घेऊन तुमच्या फोनवर टाकते, तुम्ही काही करू नका.

तुम्ही काही करू नका. मला.

६ मे.

ई-सिम घेतलं. स्वतः. ई-सिम म्हणजे प्लॅस्टिकचं कार्ड नसलेलं सिम. पैसे भरले की मेलवर चौकोनी कोड येतो. तो फोनने स्कॅन करायचा, युरोपात उतरलं की नेट चालू. तत्त्व साधं आहे.

एक अडचण आली. कोड फोनमध्ये आणि स्कॅनही त्याच फोनने करायचा. स्वतःचा डोळा स्वतःला दिसत नाही तसा प्रकार. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून कोडची रंगीत प्रिंट काढली आणि लॅमिनेशन करून घेतलं. झेरॉक्सवाला म्हणाला, काका, रेशनकार्ड हाय का. मी समजावून सांगितलं. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. नंतर कळलं, ती फक्त झेरॉक्ससाठी थांबली होती.

७ मे.

ट्रायल यशस्वी.

माझ्या धंद्याचा नियम आहे. पंपाचं पॅनल वर्कशॉपमध्ये पूर्ण जोडायचं, चालवून बघायचं, मग सोडवायचं, तारांना खुणा करायच्या आणि साइटवर नेऊन पुन्हा जोडायचं. तीस वर्षांत साइटवर माझं पॅनल अडलं नाही. त्याच नियमाने आज ई-सिम घरीच जोडलं. फोनमध्ये दुसरी लाइन दिसली. समाधान झालं. मग काढून टाकलं. काढताना फोनने इंग्रजीत काहीतरी इशारा दिला, खरंच काढायचं का वगैरे. असे इशारे धांदरट लोकांसाठी असतात. पॅरिसला उतरलो की पुन्हा जोडायचं.

लॅमिनेट केलेला कोड पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. भारतातल्या नंबरचं रोमिंग बंद केलं. फुकट बिल नको.

ही गोष्ट सुलूला सांगावीशी वाटली. तिकडे बाळाची अंघोळ चालली होती.

९ मे.

देवू सुके चिकू घेऊन आला. पायरीवर बसून म्हणाला, "दादा, समिधा टाकून देतंय तर टाकू द्या ना. तुमाला काय नडलंय?" मी म्हटलं, तू तुझी वाडी बघ. तर म्हणतो, "वयनी पाच महिने तिकडं हाय आन् तुमी जाताय दीड तासाला. लोक सत्यनारायणाला याच्यापेक्षा जास्त बसतात."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. जाताना स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "जेवता काय तुमी? चूल नवीनच दिसतंय." गॅस मी रोज पुसतो, म्हणून तसा दिसतो.

१२ मे. पॅरिस.

ई-सिम जोडताना किरकोळ अडचण. फोन म्हणतो, हा कोड आता वैध नाही. लॅमिनेशनवर विमानतळाचे दिवे चमकत होते, त्यामुळे असणार. जिन्याच्या सावलीत धरून पाहिला, टोपीखाली धरून पाहिला. ग्रुपचे लोक माझ्याभोवतीने सामान नेत होते.

टूर मॅनेजर केदार, पंचविशीचा मुलगा, म्हणाला, "काका, चला, बस लागलीय. सिमचं बघू नंतर." नंतर कुणी बघितलं नाही.

बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी आहे. ऐसपैस बसता येतं. मागच्या सीटवर वापीच्या हेतलबेन, सोबत बहीण आणि बहिणीची नणंद. त्यांनी विचारलं, "शैलेशभाई, नेट नथी? मारो हॉटस्पॉट लई लो ने." हॉटस्पॉट म्हणजे शेजाऱ्याच्या मीटरवरून लाइट घेणं. मी आभार मानून नको म्हटलं.

संध्याकाळ. हॉटेलच्या वायफायवर समिधाला फोटो पाठवले. लिहिलं, ई-सिम उत्तम. स्पीड बोईसरपेक्षा चांगला. तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नाही, कारण उद्या होणारच आहे. सुलूने अंगठा पाठवला.

१३ मे.

ई-सिम कंपनीच्या मदत विभागाशी चॅटवर बोललो. ॲना नावाच्या बाई आहेत. मी माझ्या इंग्रजीत सगळं क्रमाने लिहिलं: जोडणी, ट्रायल, सोडवणी, खुणा. त्यांचं ताबडतोब उत्तर आलं की, तुमची अडचण मी समजू शकते. गेल्या कित्येक महिन्यांत मला हे वाक्य कुणी म्हटलेलं नाही.

त्यांच्या मते कोड एकदाच चालतो. काढलं की संपलं. नवीन घ्यावं लागेल. मी नम्रपणे लिहिलं की, ट्रायल न घेता माल साइटवर नेणं ही चूक आहे आणि एकदा घेतलेली वस्तू मी दोनदा घेणार नाही. त्या म्हणाल्या, आपलं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलं आहे.

नोंदवून घेतलं म्हणजे वर गेलं असणार. दोन दिवसांत निकाल लागेल.

१४ मे. बसमध्ये.

सगळे जण फोनमध्ये. मी खिडकीबाहेर बघतो. एकंदरीत फायद्यात मीच आहे. गायी फार धष्टपुष्ट. एका ठिकाणी पाण्याचा पंप दिसला, त्याची पाइप चुकीच्या उताराने टाकली होती. दाखवायला वळलो, शेजारची सीट रिकामी. हेतलबेनना दाखवला. त्या म्हणाल्या, "हा हा, बहु सरस," आणि पंपासोबत स्वतःचा फोटो काढला.

१५ मे. स्वित्झर्लंड.

तळं, बर्फ, सगळं व्यवस्थित. काम स्वच्छ.

संध्याकाळी ॲनाबाईंना पुन्हा लिहिलं. निकाल नाही. शेवटी त्यांनी विचारलं, आज आणखी काही मदत करू का. मी तळ्याबद्दल लिहिलं. पाण्याचा रंग, आणि आमच्या दातिवऱ्याच्या खाडीला ओहोटीला कसा वेगळा रंग येतो ते. हेही लिहिलं की, पत्नीला तळं दाखवायचं राहिलं. त्या म्हणाल्या, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

बाई सुसंस्कृत आहेत.

१६ मे.

नाश्त्याला हेतलबेनना ॲनाबाईंबद्दल सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. "अरे शैलेशभाई, ए तो मशीन छे. माणस नथी." बहीण हसली, नणंदही हसली. मशीन मी बनवतो. कुठलंही मशीन इतक्या अदबीने बोलत नाही. शिवाय मशीनने गैरसोयीबद्दल दिलगीर कशाला व्हावं?

खातरजमा म्हणून संध्याकाळी विचारलं, आपण जेवलात का. त्या म्हणाल्या, आपली अडचण मी समजू शकते.

आज लवकर झोपतो.

१७ मे. जर्मनी.

उद्या कोलोन. दुपारी तीन ते साडेचार.

समिधाचा मेसेज: बाबा, मी अर्धी सुट्टी काढलीय, अनुजही येतोय, आई आणि बाळ पण. नक्की कुठे उतराल? मी लिहिलं, लाइव्ह लोकेशन पाठवतो, टिपक्याकडे चालत यायचं, बाकी काही करायची गरज नाही. ती म्हणाली, वा बाबा.

सिम अजून चालू नाही हे मान्य. पण कंपनीला आज शेवटची मुदत दिली आहे. एखादं ठिकाण सांगून ठेवावं असा विचार आला होता. मात्र आता ठिकाण सांगायचं म्हणजे इतके दिवस पाठवलेल्या फोटोंवर शंका येणार. गरजही नाही. टूरच्या कागदावर तिथलं एकच चर्च आहे. चुकणार कसं?

शर्टाला हॉटेलच्या इस्त्रीने इस्त्री केली. सुके चिकू वेगळ्या पिशवीत काढले.

१८ मे, रात्री जेवणाआधी.

नीट लिहितो.

हायवेवर ट्रॅफिक लागला. केदार माइकवर म्हणाला की, कोलोन आता पंचेचाळीस मिनिटांतच करावं लागेल आणि बस चर्चजवळ न थांबता नदीपलीकडे थांबेल, तिथून पूल चालून जायचं. ही माहिती बसमधल्या सगळ्यांना होती. कोलोनमधल्या चौघांना नव्हती. हेतलबेननी फोन पुढे केला. "लो, फोन करो दीकरीने." मी म्हटलं, लाइव्ह लोकेशन चालू आहे. त्यांनी फोन परत घेतला.

चर्च अपेक्षेपेक्षा बरंच मोठं निघालं. चारी बाजूंना दारं, पायऱ्या, आणि हजार माणसं. हरवलेल्या माणसाने एका जागी उभं राहायचं असतं. हरवलो मी नव्हतो, पण तत्त्व तेच. मुख्य दरवाजासमोर मधोमध उभा राहिलो. पिशवी उजव्या हातात, म्हणजे लांबून दिसेल. फोन डाव्या हातात धरून मधून मधून बघत होतो. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

बाळाची प्रत्येक ढकलगाडी बघितली. तिथे ढकलगाड्या फार.

वेळ जात होता. केदारने छत्री वर करून लोक गोळा करायला सुरुवात केली तेव्हा मागून आवाज आला, "अवो!"

सुलू. अंगात कोट, पायात बूट, केस कापलेले. मी ओळखलं लगेच. ती म्हणाली, "फोन कुठं घातलाय तुमी? पोरगी रडकुंडीला आलीय. मागच्या अंगाला बसा थांबतात, तिथं तासभर उभ्या आमी." मी विचारलं, मग इकडे कशा आलात. ती म्हणाली, "मी म्हटलं, तुझा बाप मोठ्या दारासमोर असणार, वॉचमनसारखा. तिला पटत नव्हतं."

मग समिधा आली, अनुज आले, आणि गाडीत नात. झोपलेली होती. मी म्हटलं, उठवू नका. समिधा म्हणाली, घ्या ना बाबा. घेतली. वजनाला सहा किलो भरेल. उठली, माझ्याकडे नीट बघितलं आणि आजीकडे हात केले.

समिधाने माझा फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं. म्हणाली, "बाबा, यात सिमच नाहीये." मी ट्रायलचा नियम समजावून सांगितला. तिने अर्धं ऐकलं आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. "मला एक शब्द का नाही सांगितलात?" मी म्हटलं, कंपनीकडे विषय वर गेलेला आहे.

सुलू म्हणाली, "जेवता का नीट? बारीक झालाय." मी म्हटलं, डाएट. ती म्हणाली, "गॅस पुसताय काय नुसता?" देवूने फोन केलेला दिसतो.

अनुजनी एक गोष्ट सुचवली. अव्यवहार्य होती. केदार हाका मारत होता. मी चिकू दिले आणि निघालो. पुलावरून मागे बघितलं, पण गर्दी होती.

एकूण भेट उत्तम झाली. नियोजनात कसूर नव्हती, ट्रॅफिक होता.

२० मे. परतीचं विमानतळ.

ॲनाबाईंना शेवटचं लिहिलं. भेट झाली, नात माझ्यावर गेली आहे, सिम नसलं तरी चालेल, विषय बंद करावा. उत्तर आलं: आपला कोड एकदा वापरला गेला आहे, कृपया नवीन प्लॅन घ्या.

फोनवरून ते ॲप काढून टाकलं. इशारा आला नाही.

२३ मे. बोईसर.

काल वर्कशॉप उघडलं. झाडलं. पावसाच्या आधी पंपांची कामं येतात, त्यामुळे मी इथे असणं आवश्यक होतं. आज कुणी आलं नाही. कालही नाही. निघायच्या आधीच्या आठवड्यातही नव्हतं, पण तेव्हा लोकांना मी जाणार हे माहीत असेल.

देवू येऊन गेला. डबा ठेवला. भात आणि बोंबलाचं कालवण. एकट्याला जास्त झालं.

अनुजनी काय सुचवलं ते नोंद म्हणून लिहून ठेवतो. ते म्हणाले, बाबा, टूर इथेच सोडा. व्हिसाला अजून दहा दिवस आहेत, आमच्याकडे राहा, खोली तयार आहे. तिकीट बदलायला दोनशे चाळीस युरो लागतात, मी कालच विचारून ठेवलंय, मी भरतो. सुलूने माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली होती.

मी ती परत घेतली आणि नको म्हटलं. दोनशे चाळीस युरो.