करजण–भाथीपुरा वाटेची तिसरी चाचणी

७ डिसेंबर, रविवार

आज पारूलबेनकडे मीटिंग. हे गेले, आणि यांच्या वाटेचा कागद माझ्या अक्षरातला म्हणून मीही गेले. पा.बेन म्हणजे आमच्या शहरात मांडवीजवळ जन्मभर दवाखाना चालवलेल्या डॉक्टर. दवाखाना बंद केला आणि आता दर रविवारी धडधाकट माणसांना चालायला लावतात. करजणच्या बाजारातून शेजारच्या गावांना हायवेवर पाय न ठेवता कसं जायचं, त्या वाटांची पुस्तिका करतायत. सहा वाटा पास झाल्या. सातवी यांची, करजण ते भाथीपुरा.

नियम भारी कडक. वाट लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. तपासणाऱ्याने ती जमीन आधी पाहिलेली नसावी. त्याच्या हातात फक्त कागद. लिहिणारा वीस पावलं मागे, अगदी गप्प. खाकरायचंसुद्धा नाही. तीनदा चुकली की वाट पुस्तिकेतून बाद.

प्रत्येक वाटेखाली लिहिणाऱ्याचं नाव छापणार आहेत. येताना रिक्षात हे एवढंच म्हणाले, "चौतीस वर्षं रेल्वेत काढली, माझं नाव पगाराच्या चिठ्ठीशिवाय कुठे छापलेलं नाही." मग आमची हरणी येईपर्यंत रिक्षाचे सुट्टे पैसे मोजत बसले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी हवंसं वाटलंय यांना. मला आतून एकदम भरून आलं. घरी आल्यावर उगाच कुकर लावला, भूक कुणालाच नव्हती.

१४ डिसेंबर, रवि.

नापास.

तपासायला कुणाल होता, पा.बेनचा भाचा, इंजिनियर, सहा फूट उंच. यांनी कागदात लिहायला सांगितलेलं, विहिरीपासून दीडशे पावलांवर थोराच्या, म्हणजे निवडुंगाच्या, कुंपणात फट आहे, तिथून आत. कुणालने इमानदारीत दीडशे पावलं मोजली, बरोब्बर एका भलत्याच फटीत शिरला आणि कुणाच्या तरी केळीत जाऊन उभा राहिला. दोन कुत्री मागे. हे वीस पावलांवरून सगळं बघतायत आणि बोलायचं नाही. कुणालने फॉर्म भरला: 'वाट सापडली नाही.'

घरी येऊन जेवले, पण आमटी वाढून घेतली नाही.

१५ डिसेंबर

मला राहवेना. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप आणि खडू घेऊन गेले, यांना म्हटलं पन्नास पावलं चाला. खूण केली. परत चाला. खूण. तिसऱ्यांदा चाला. तिन्ही खुणा एकमेकींवर, वीतभरसुद्धा फरक नाही. वॉचमन बघत राहिला. एक पाऊल दोन फुटांना जरा कमी.

हे खाली वाकून टेप बघत होते. म्हणाले, रुळांखालच्या स्लीपरचं अंतर आहे हे.

कीमनची नोकरी, रूळ तपासत चालायची. खांद्यावर हातोडा, रोज तोच ठरलेला बीट, एका स्लीपरवरून दुसऱ्यावर, रुळाची सैल किल्ली दिसली की ठोकायची. पावसात, उन्हाच्या झळांत, ताप असताना. पाय त्या मापाचेच झाले. मी इतकी वर्षं मंगळबाजारात यांच्याबरोबर चालताना चिडायचे, जरा पाय उचला की म्हणून. आज खडू हातात घेऊन जीभ चावली.

पावलं सगळी खोडली. आता जागच्या खुणा घालायच्या. हे सांगणार, मी लिहिणार. शाळेत तीस वर्षं निबंध तपासलेत, हे मला यायला हवं.

४ जानेवारी, रवि.

परत नापास. आणि या वेळी पाप माझं.

तपासायला हेतलबेन होत्या, बँकेतल्या. शांत, हुशार बाई. सात नंबरच्या ओळीपर्यंत सुरेख गेल्या. आठवीला थांबल्या. कागदावर होतं, 'डाव्या हाताला पांढऱ्याशुभ्र कापसाचं शेत ठेवून चालत राहा.' डाव्या हाताला नांगरलेली काळी जमीन. कापूस आठवड्यापूर्वीच उपटून नेलेला. कापसाचं शेत दिसेपर्यंत त्या बिचाऱ्या सरळ चालत राहिल्या, पार दुसऱ्या गावच्या तळ्यापर्यंत.

कापूस यांच्या बोलण्यात नुसता आला होता, खूण म्हणून सांगितलाच नव्हता. यांनी सांगितलं होतं, विजेच्या खांबांच्या रांगेने जा. मला ते रुक्ष वाटलं म्हणून मी कापूस घातला. छान दिसेल म्हणून! पीक कधी खुणेला घेतात का? शेतकऱ्याच्या घरातलं लहान मूल हे करणार नाही.

पा.बेननी विचारलं, मधुभाई, ये किसने लिखा? हे म्हणाले, चूक माझी. बस्स, एवढंच. मी शेजारी बसून चपलेचा अंगठा नखाने कुरतडत होते.

परतताना मेमू लोकलमध्ये जागा मिळाल्यावर मी विचारलं, मी वाचून दाखवलं तेव्हा कापूस ऐकला नाहीत का? ऐकला, म्हणाले. मग? "तू मास्तरीण. मला वाटलं असंच लिहायचं असेल."

माझं डी.एड. या माणसाच्या पगारावर झालं. तो आठवी पास. आणि मी त्याच्या कागदात कापूस फुलवत बसले. खिडकीकडे तोंड करून रडले. त्यांनी पाहिलं असणार, शेंगदाण्याची पुडी घेऊन माझ्या मांडीवर ठेवली.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळी हरणी गच्चीवर पतंग घेऊन, स्पीकर, 'काय पो छे', उंधियू-जिलेबी. हे खाली टेबलापाशी कागद घेऊन. तिसरा कागद स्वतःच लिहितायत. मला दाखवत नाहीत. रागाने नाही. दुपारी पा.बेनचा फोन आला त्यावरून कळलं.

ग्रुपमधल्या सगळ्यांनी कधी ना कधी ती वाट पाहिलीय, कुणी कुणालबरोबर, कुणी हेतलबेनबरोबर. न पाहिलेलं माणूस उरलंय ते एकच, मी. मी दोन्ही वेळा करजणच्या स्टेशनवर चहा पीत बसले होते. पा.बेन म्हणाल्या, शैलाबेन, तुम्ही चाला; पण नवा कागद बाजारात माझ्या हातून मिळेल, तोपर्यंत बघायचा नाही.

मी म्हटलं, बायको आहे मी, लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, फॉर्म खरा भरा म्हणजे कुणी काही म्हणणार नाही.

हे ऐकून यांना मजा वाटली. म्हणाले, आता बघू तुला माझं अक्षर लागतं का. तीळगुळाच्या वड्या एकट्याने संपवल्या.

२५ जानेवारी, रवि.

हे तीन आठवड्यांत चार वेळा जाऊन आले. सकाळचा डबा, टोपी, खिशात पेन्सिल. एकदा संध्याकाळी परत आले ते पायाला काटा घेऊन. मी सुईने काढत होते आणि हे मला सांगत होते की कॅनॉलच्या दगडांवरचे आकडे सोडले तर त्या वाटेवर न हलणारं फारच थोडं आहे. झाड पाडतात, खोपटं हलतं, बोर्ड रंगवतात. न हलणारं तेवढंच लिहायचं, असं ठरवलंय त्यांनी. एवढं बोलताना मी यांना क्वचितच ऐकलंय.

तिसरीत गेली तर बाद.

८ फेब्रुवारी, रवि.

आज झालं. सगळं क्रमाने लिहिते, उद्या फॉर्म भरायचाय.

आठला करजणच्या बाजारात. पा.बेननी कागद दिला. चौदा ओळी. मोठं, ठसठशीत, प्रत्येक अक्षर वेगळं ठोकल्यासारखं. एक शब्द जादा नाही. 'जिनिंगची भिंत संपते तिथे डावीकडे.' कापसाच्या जिनिंग मिलची भिंत संपली, डावीकडे वळले. 'कॅनॉलच्या दगडावर ७ आहे तिथून खाली उतरा.' दगड होता, सात होता. मी तीस वर्षं मुलांना सोपं लिहा, सोपं लिहा म्हणून शिकवलं आणि मला कधी असं जमलं नाही. चालता चालता अभिमानाने नुसती फुगले.

मागे यांची पावलं. वळून बघायचं नाही, पण ऐकू येत होती, घड्याळासारखी एकसारखी. मी थांबले तरी त्यांचा हिशेब आपला चालू, वीस पावलं राखून थांबायचे आणि मी निघाले की परत सुरू.

पाचव्या-सहाव्या ओळीच्या मध्ये रणछोडकाका भेटले. त्यांच्याच शेताच्या बांधावरून वाट जाते, यांनी विचारलं म्हणून त्यांनी जाऊ दिली. मला हात करून थांबवलं, यांच्याकडे बोट दाखवून गुजरातीत सांगितलं की हा माणूस नोकरीत होता तेव्हा रेल्वेच्या पुलावर दिसला की मी पंपाची मोटर बंद करायचो, घड्याळ कधी बांधलंच नाही. मी मागे न बघता हसले. हे गप्प. नियम म्हणजे नियम.

नववी ओळ: 'पंपाच्या खोलीमागून शेढ्याने सरळ, लोखंडी फाटकापर्यंत.'

खोलीच्या मागे गेले. शेढे, म्हणजे बांध, दोन. दोन्ही सरळ. डावा जुना, गवत माजलेला. उजवा नवा, ताजी माती ओढलेली, स्वच्छ. कागद परत वाचला. फाटक कुठूनच दिसत नव्हतं. मी उजवा धरला, नवा आणि चालायला बरा म्हणून.

दहा-बारा पावलं गेले असेन. मागचा आवाज थांबला.

ते खोकले नाहीत, खाकरले नाहीत, काहीच केलं नाही. फक्त थांबले. आणि मला कळलं. इतकं साधं होतं ते. मी तिथेच उभी राहिले. मग वळून परत खोलीपाशी आले, डाव्या शेढ्याला लागले, आणि पावलं परत सुरू झाली.

पुढे फाटक, तळं, भाथी देवाची देरी (छोटं देऊळ), गाव. चौदावी ओळ संपली तेव्हा साडेदहा. गावात चहा झाला, रणछोडकाकांच्या सुनेने बाजरीचा रोटला आणि गूळ दिला. पा.बेन गाडीतून पोचल्या होत्या. त्यांनी विचारलं, मिली? मी म्हटलं, फॉर्म घरी भरून देते. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रोटला मोडला.

तो दुसरा शेढा दहा दिवसांपूर्वीच घातलाय, गावात कळलं. दोघा भावांची वाटणी झाली. हे शेवटचे गेले तेव्हा नव्हताच. म्हणजे तसा दोष कुणाचाच नाही.

९ फेब्रुवारी

सकाळपासून फॉर्म टेबलावर. प्रश्न तीनच. कुठे अडलात? कागदात काय होतं? वाट परत कशी सापडली?

पहिले दोन सोपे. तिसऱ्याला हात थांबला. 'चूक लक्षात आली, मागे फिरले,' असं लिहिलं तर खोटं नाही. वाट पास होते. नाव छापून येतं. ते नाव मला हवंय, त्यांच्याहून जास्त हवंय बहुतेक. कापसाची चूक मीच केली, त्यातून एक वाया गेली. ती नसती तर आज ही दुसरीच चाचणी असती.

अकरा वाजले, भाजी करपली. शेवटी लिहिलं: 'मागची पावलं थांबली म्हणून कळलं. एकटी असते तर चुकले असते.' सही केली आणि यांच्यापुढे ठेवला. म्हटलं वाचा, आणि नको वाटत असेल तर सांगा, मी दुसरा फॉर्म आणलाय.

चष्मा लावून सावकाश वाचला. परत वाचला.

"बरोबर लिहिलंयस," म्हणाले. "उद्या यावरून कुणी बाई एकटी निघाली, तर तिच्या मागे मी नसणार."

फॉर्मची घडी त्यांनीच घातली. दुपारी बस पकडून पा.बेनच्या घरी देऊन आले. येताना माझ्यासाठी लिलवा कचोरी.

मी या माणसाशी लग्न केलं तेव्हा घरचे म्हणाले होते, मुलगा साधा आहे. साधाच आहे. लिहून ठेवते, म्हणजे कधी भांडले की वाचता येईल.

१० फेब्रुवारी, मंगळ.

पा.बेनचा फोन नाही. रविवारी सगळ्यांपुढे ठेवतील आणि ठरवतील असं वाटतं. नियमाने बघितलं तर तिसरीही गेली. नवा शेढा नंतर घातला हे धरलं तर कदाचित एक संधी देतील. पा.बेनचं काही सांगता येत नाही, त्या नियमाला पक्क्या, आणि मला त्यांचं तेच आवडतं.

हे साडेसहालाच उठून तयार. मी विचारलं, कुठे? करजणला. नववी ओळ नीट करायला. मी म्हटलं, अहो, आधी निकाल तरी येऊ द्या, बाद झाली असेल तर हेलपाटा. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, तिथे शेढे दोन झालेत, मग कागदावर दोन नकोत?

डबा दिला. मेथीचे थेपले, लसणाची चटणी, मिरची वेगळी.

नऊला शेजारच्या मीनाबेन कोथिंबीर मागायला आल्या. म्हणाल्या, मधुभाई दिसत नाहीत सकाळपासून?

कामावर गेलेत, म्हटलं.