दहावी खेळाडू

विद्यापीठ वसतिगृह,
१३ जानेवारी २०२५

ती. शालिनीआत्यास,
ऋतिकाचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर रडू येईल आणि खोलीतल्या मुली ऐकतील. आधी चांगली बातमी. आपल्या विद्यापीठाला बेसबॉलमध्ये पहिल्यांदाच पदक मिळालं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत आम्ही तिसऱ्या आलो. तू विद्यापीठाच्या अगदी पहिल्या संघातली, म्हणून तुला आधी कळवते आहे.

आता लाजेची बातमी. मी संघातली दहावी, म्हणजे राखीव. सगळी स्पर्धा बसून काढली. शेवटच्या सामन्यात आमच्या कप्तानाचा, सुर्ल्याच्या श्रद्धाचा, हात मोडला आणि मला आत घेतलं. मैदानाच्या पार टोकाला उभी राहिले. माझ्याकडे एकही चेंडू आला नाही. श्रद्धाचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून फोटोसाठी चषक मी धरला. गावच्या क्रिकेटमध्ये चषक धरतो तो कप्तान, हे तुला ठाऊकच आहे. बाबांनी फोटो पाहिला आणि मला न विचारताच इब्रामपूरच्या तिठ्यावर फ्लेक्स लावला. त्यावर मी एकटी, आणि खाली ‘विद्यापीठ संघाची कप्तान’! सव्वीस तारखेला देवळाच्या मंडपात सत्कार आहे, आणि सगळ्या संघाला आमंत्रण गेलंय.

श्रद्धा हसून म्हणाली, की आता तिने माझ्या हुकमात राहायला हवं. तिने चेष्टा केली, पण मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आजारी आहे म्हणून कळवू का?

तुझी,
ऋतिका

पाळी, १७ जानेवारी २०२५

चि. ऋतिकास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पदकाचं वाचता वाचता माझी भाजी करपली. तुझ्या काकांनी बिचाऱ्यांनी पाववाल्या पोदेराकडचे उंडे चहात बुडवून खाल्ले.

बाये, आमचा पहिला संघ म्हणजे मोजून नऊ जणी. अर्ध्या जणी ग्लोव्हशिवाय, उघड्या हातांनी झेलायच्या. पहिला सामना असा हरलो, की धावा लिहिणाराच कंटाळला. पुढच्या वर्षी मात्र आम्ही जिंकत आलो होतो, आणि माझा पाय मुरगळला. दहावी कुणी नव्हतीच. आठ जणींनी खेळता येत नाही, म्हणून पंचांनी सामना दुसऱ्यांना देऊन टाकला. बाकीच्यांच्या तोंडाकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटायची. त्यानंतर संघ दोनदा बंद पडला, पुन्हा उभा राहिला, आणि आज तुम्ही पदक आणलंत. तेव्हा दहावीला काही किंमत नाही, असं निदान मला तरी सांगू नकोस.

आजाराचं सोंग मात्र करू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ श्रद्धा मंडपात येताच उघडणार. दादाला गावापुढे कळण्याआधी घरात कळू दे. तो चिडेल, पण ऐकेल.

तिळगूळ पाठवते आहे. मैत्रिणींना दे, नि या आत्याशी गोड बोल.

तुझी,
शालिनीआत्या

इब्रामपूर, २७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. शनिवारी घरी पोहोचले तेव्हा बाबा मंडपात पताका बांधत होते. संध्याकाळी चहा घेताना त्यांना सगळं सांगितलं. अर्धा कप तसाच ठेवून ते बाहेर गेले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

काल देवाला गाऱ्हाणं घालून झाल्यावर बाबा स्वतःच उठले. त्यांनी गावाला सांगितलं, की चूक आपली झाली, कप्तान ही सुर्ल्याची मुलगी, आपली मुलगी राखीव. शाल श्रद्धाला घातली. तिचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिचा नारळ बाबाच धरून उभे राहिले. मागे शेजारचा बाबली आणि त्याचे सोबती हसले. बाबांनी त्यांनाही हात जोडले. मी मान वर केली नाही.

घरी परतताना बाबा म्हणाले, की सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांवर ते कित्येक वर्षं बदली ड्रायव्हर होते. कुणी आला नाही तरच गाडी मिळायची. राखीव म्हणजे काय, हे त्यांना शिकवावं लागलं नसतं. मग फ्लेक्स लागला त्याच दिवशी फोन का केला नाहीस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लाज वाटली. त्यांनी विचारलं, ‘लाज कुणाची, माझी का?’

आत्या, मला ‘नाही’ म्हणता आलं नाही.

माझ्यावरची माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ऋतिका