कायमचं अडवा

प्रिय ठकूबाई,

तुझा पत्ता मावशीकडून मिळवला. आधी अर्धा तास तिने माझी चांगली हजेरी घेतली, मग दिला.

माझं काम तेच आहे. घरच्या कॉम्प्युटरवर पहारा करणाऱ्या फायरवॉल तपासायच्या आणि मासिकाला गुण कळवायचे. तुझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर फायरवॉल बसवायची आणि आपण स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन, चोर होऊन तिचं एकेक दार ठोठावायचं. तू इथे होतीस तेव्हा चोर चहा घेणार का, म्हणून विचारायचीस. आता चोर स्वतःच चहा करतो आणि तुझ्या खोलीत नेऊन पितो. तुझी खुर्ची मी खाली-वर केलेली नाही, त्यामुळे गुडघे टेबलावर आपटतात.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही. वर, पुन्हा या घरी फोन करायचा नाही, असं ओरडलो. राग ओसरल्यावर वाट पाहत बसलो. बापाने आधी फोन करायचा नसतो, हे मला कुठल्या गाढवाने शिकवलं कोण जाणे! ठकूला आता बापाची गरज नाही, असं सगळ्यांना सांगून टाकलं. पण बाजारात तुझ्या उंचीची कोणी पाठमोरी दिसली, की पिशवी धरून तसाच उभा राहायचो. फार आठवण येते गं.

परवा एका फायरवॉलची नवी आवृत्ती तपासायला आली. जुनी काढण्याआधी तिची नोंदवही वाचायची, हा माझा नियम. अडवलेल्यांच्या यादीत एकच नोंद पुन्हा पुन्हा होती, दर रविवारी दुपारी चारला. वाटलं, सापडला चोर! मग प्रोग्रामचं नाव पाहिलं. नोकरीसाठी परगावी जाताना, समोरासमोर बोलता यावं म्हणून तू बसवून दिलेला तो. त्यात नाव एकच, तुझं.

आपलं भांडण झालं त्याच आठवड्यात मी ती फायरवॉल बसवली होती. पहिल्या दिवशी ती प्रत्येक प्रोग्रामबद्दल विचारते, याला बोलू देऊ का? आम्ही तपासणारे सरसकट 'कायमचं अडवा' म्हणतो, ती शब्द पाळते का ते बघायला. तिने पाळला. तूही पाळलास. फोन केला नाहीस, कॉम्प्युटरवरून हाक मारत राहिलीस. एकतीस रविवार! आणि परवा पुन्हा तपासताना माझा खोटा चोर कॉम्प्युटरमधले कागद घेऊन बाहेर पडला, तेव्हा ही बया साधी खोकलीसुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि तेव्हा मी तिला शंभरात ब्याण्णव गुण दिले होते.

गेल्या पाच रविवारी मात्र एकही नोंद नाही. तेवढं वाचलं आणि रडू आवरेना, म्हणून हे पत्र. लग्नाच्या दिवशी मी तुला नाकारलं, त्याची माफी मागतो, तुझी आणि जावईबापूंचीही. पण त्या एकतीस हाका मी नाकारल्या नाहीत गं, त्या माझ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. तू आता काही करू नकोस. या रविवारी चारला मी हाक मारेन. तू घेतली नाहीस, तर पुढच्या रविवारी मारेन. एकतीस रविवार तर मी तुझं देणं लागतोच, त्यानंतरचे माझ्या हौसेचे.

तुझाच हेकट,
बाबा