बटलरचं इंग्रजी

बॉथेल, अमेरिका, १२ नोव्हेंबर २००५

बाबांना प्रितमचा सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. ऑफिसात माझं इंग्रजी सगळ्यांना फार आवडतं. आईला एवढंच वाचून दाखवा.

तुमची ती जुन्या ब्रिटिश विनोदी सिनेमाची कॅसेट आठवते? आपल्या पोराला बोलण्यावरून कुणी कमी लेखू नये म्हणून वाक्यावाक्याला व्हीसीआर थांबवून तुम्ही मला तसंच बोलायला लावायचात. लठ्ठ लॉर्ड, विसराळू पाद्री, सगळेच नट झकास होते. पण तुमचा लाडका तो म्हातारा बटलर. "अपमान कसा झेलतो बघ, आवाज चढत नाही," म्हणायचात.

मॅनेजर म्हणाला, तू सिनेमातल्या बटलरसारखा बोलतोस. आता दर शुक्रवारी लंचला सगळ्यांसमोर उभं राहून बोलून दाखवावं लागतं. लोक पोट धरून हसतात. प्रमोशन मात्र माझ्यामागून आलेल्याला मिळालं. माझा आवाज चढला नाही.

परवा लायब्ररीतून तो सिनेमा आणला. अख्ख्या सिनेमात बटलर एकदाही हसत नाही. आपण इतक्यांदा पाहिला, बाबा, कधी लक्षात कसं आलं नाही?

गुडघा कसा आहे? उपासनाताईच्या मुलीला ती कॅसेट लावू नका.

तुमचाच,
प्रितम