हलीना आणि ‘कीप’

प्रिय जॅनीन,

फोनवर तू घाईत असतेस आणि मलाही त्या यंत्रावर मनातलं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळं ठीक आहे. थंडी हटलेली नाही, पण कोकरं झाली आहेत आणि आपल्या कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या आहेत. त्याचं श्रेय हलीनाचं. युक्रेनहून ती तुझ्या खोलीत राहायला आली तेव्हा तिला इंग्रजी जेमतेमच येत होतं. मी शिकवायला बसले, आणि ‘कीप’ या एवढ्याशा शब्दानं आम्हा दोघींना रडकुंडीला आणलं.

कोंबड्या पाळायच्या, तरी कीप. दिलेला शब्द पाळायचा, तरी कीप. दूध टिकलं तरी कीप, आणि गप्प राहायचं तरी तेच. हलीना तिकडे शाळेत गणित शिकवायची. एका खुणेचा एकच अर्थ, ही तिची सवय. वैतागून मला म्हणाली, “तुम्हा लोकांना क्रियापदं कमी पडली होती का?” त्यातच शेजारच्या नॉर्मननं फाटकाशी येऊन तिची ख्यालीखुशाली विचारली. आपल्याकडे तीही याच शब्दानं विचारतात, ‘हाऊ आर यू कीपिंग?’ हलीनाला वाटलं, दूध कसं टिकवतेस असं विचारतोय. तिनं गंभीरपणे उत्तर दिलं, “थंड फडताळात, वर ओलं फडकं टाकून.” नॉर्मनला हसता हसता फाटक धरावं लागलं. तुझे बाबा गेल्यापासून या घरात इतकं हसू नव्हतं गं.

मग गेल्या महिन्यात तिला तिकडे रिचमंड गावात स्वतःचं घर मिळाल्याचं कळलं. मी तिचं अभिनंदन केलं, दुकानातून खोकीसुद्धा आणून दिली. तिनं सामान बांधायला घेतलं. दोघी अगदी पाहुण्यांसारख्या सभ्यपणे वागत होतो. रविवारी भांडी पुसताना तिनं विचारलं, “मला ठेवून घेतलंस ते कोंबड्यांसारखं, की दिलेल्या शब्दासारखं?”

मी म्हटलं, “तुला आसरा द्यायचा शब्द एका वर्षाचा होता. तो केव्हाच पाळून झाला. त्यानंतर तू मला हवी होतीस म्हणून.”

तिनं हातातली बशी खाली ठेवली आणि खुर्चीत बसून रडली. मग मीही.

तिलाही इथंच राहायचंय. पण म्हणते, खोली जॅनीनची आहे, तिनं स्वतः हो म्हटलं तरच. मी म्हटलं, तिची कशाला हरकत असेल? तर म्हणाली, “तू ठरवू नकोस, तिला विचार.” म्हणून विचारते आहे. तुझी पुस्तकं, भिंतीवरची घोड्यांची चित्रं, सगळं तिनं जिथल्या तिथं ठेवलंय. तू आलीस की ती बैठकीत झोपेल म्हणते. मी म्हणते मी झोपेन. त्यावर आमचं भांडण चालू आहे. तू नाही म्हणालीस तर मी थोडी रुसेन, पण रागावणार नाही. फक्त एक कर. उत्तर मला पाठवू नकोस. पत्ता हाच, नाव तिचं घाल.

तुझीच,
आई